एक मीटर, दीड तास

इंदूरला सुखनिवास तलावाच्या काठी राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथल्या ‘इंडस-२’ या यंत्राचा परीघ १७२.५ मीटर. त्या कड्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात आणि सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. वळणावर त्यांच्यातून जो प्रकाश सुटतो, तो वापरण्यासाठी कड्याभोवती बीमलाइनी काढलेल्या आहेत. त्यातल्या काहींच्या टोकाला पोलादी चेंबर असतं, आणि चेंबरसमोर डोळे तांबारलेली एक-दोन माणसं.

या माणसांचं काम ऐकायला अगदी किरकोळ वाटतं. करंगळीच्या नखाएवढा नमुना बाहेरून चेंबरच्या आत न्यायचा. अंतर साधारण एक मीटर. लागणारा वेळ, सगळं सुरळीत पार पडलं तर, दीड तास. तेवढ्या वेळात भिंतीपलीकडचा इलेक्ट्रॉन जे अंतर कापतो ते सरळ रेषेत मांडलं, तर सूर्यापासून निघून शनी ओलांडून पुढे जातं. नमुना अजून दारातच असतो.

ही गत इंदूरचीच आहे असं कुणी समजू नये. बर्लिन, ग्रेनोबल, त्रिएस्त, अशी यंत्रं असलेल्या कुठल्याही गावी जा. यंत्र जितकं मोठं, तितकी त्याच्यासमोरची शेवटची वीत अवघड. कारण त्या वितीवर हवा असते, आणि आत हवा चालत नाही.

हवेने या लोकांचं असं काय घोडं मारलं आहे, हा प्रश्न रास्त आहे. घोड्यांचा आणि निर्वाताचा संबंध तसा जुनाच. सतराव्या शतकात माग्देबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना चिकटवून आतली हवा उपसली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. सोळा घोड्यांना ते अर्धगोल सुटेनात. महापौराने स्वतःच्या हाताने पंप बनवून ‘काहीच नसण्या’चं जाहीर प्रात्यक्षिक द्यावं, हा प्रसंग युरोपातला आहे. आपल्याकडे हे काम महापालिका पंपाशिवायच करून दाखवतात.

गेरिकेचं काम मात्र ढोबळ होतं. आजच्या माणसाला त्याच्या अब्जावधीपट रितं चेंबर लागतं. हा अडेलतट्टूपणा नव्हे. अशा चेंबरांत नमुन्यावर प्रकाश टाकून त्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजतात. प्रकाशाने इलेक्ट्रॉन का सुटतात हे आइन्स्टाइनने १९०५ साली सांगितलं आणि त्याबद्दल त्याला १९२१ सालचं नोबेल मिळालं. गोम अशी, की ते इलेक्ट्रॉन नमुन्याच्या अगदी वरच्या काही अणुथरांतूनच सुटतात. नमुना आत कितीही गुणी असो, साक्ष देतो तो वरचा थर. आणि त्या थरावर हवेतलं पाणी नि कार्बन येऊन बसला, तर साक्ष त्यांची होते. दोन वर्षं खपून वाढवलेल्या स्फटिकाऐवजी इंदूरच्या दमट श्रावणावर शोधनिबंध लिहिण्याची वेळ येते.

ही घाण बसायला किती वेळ लागतो? अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर याने हा हिशेब घालून दिला. पृष्ठभागांच्या अभ्यासासाठीच त्याला १९३२ सालचं नोबेल मिळालं. हवेचा दाब अब्जांशावर आणला, तरी आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला असं धरल्यास स्वच्छ पृष्ठभागावर एक अख्खा थर बसायला साधारण एक सेकंद पुरतो. एक सेकंद! एवढ्यात शिंकसुद्धा पुरी होत नाही. म्हणून दाब आणखी दहा हजारपट कमी करायचा, म्हणजे दोन-तीन तास मिळतात. या दाबाला तिथले लोक नुसतं ‘मायनस टेन’ म्हणतात. म्हणजे दहाचा उणे दहावा घात, मिलीबारमध्ये. ‘तुमचं किती?’ ‘मायनस टेन.’ ‘आमचं नाइनला अडकलंय हो.’ यावर समोरचा ज्या सहानुभूतीने मान हलवतो, तशी फक्त मुलाला कमी टक्के पडल्यावर हलवतात.

आणि एवढं करूनही ती जागा रिकामी नसतेच. मायनस टेनला दर घनसेंटिमीटरमागे सुमारे पंचवीस लाख रेणू शिल्लक राहतात. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहर वीस लाखांच्या आत होतं. फरक गर्दीच्या वागण्यात आहे. या रेणूंना एकमेकांवर आपटायचं म्हटलं, तर सरासरी सहा-सातशे किलोमीटर सरळ जावं लागेल. इंदूरहून निघालेला रेणू मुंबई मागे टाकेल तरी वाटेत कुणी भेटणार नाही. इंदूरच्या राजवाड्यासमोर संध्याकाळी सातला स्कूटर काढलेल्या माणसाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

अशा जागेत बाहेरची वस्तू न्यायची म्हणजे नियम आले. ते पहिल्यांदा ऐकताना मला आजीच्या सोवळ्याची आठवण झाली आणि नंतर ती गेलीच नाही. स्वयंपाकघराच्या आढ्याला दोरी, दोरीवर सोवळं, आणि ते हात न लावता काढायला लांब काठी. चेंबरातही काठीच असते. तिला वॉबल स्टिक म्हणतात. टोकाला चिमटा असतो आणि ती बाहेरून धातूच्या लवचीक भात्यातून हलवतात. नमुन्याला बोट लावायचं नाही. बोटाचा एक ठसा उमटला, की त्यातलं तेल वाफ होऊन आत दिवसचे दिवस दरवळत राहतं. नमुन्याचा होल्डर, स्क्रू, चिमटे यांचं आधी सचैल स्नान: अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपेनॉल, तेही अल्ट्रासॉनिकच्या थरथरत्या टाकीत. नंतर हातमोजे, तेही पावडर नसलेले. त्या मोज्यांनी नाक खाजवलं, की मोजे ओवळे. तांबं चालतं, पितळ चालत नाही, कारण पितळेतलं जस्त तापवल्यावर वाफ होऊन सगळीकडे बसतं. आजीच्या देवघरात दोन्ही चालत. म्हणजे या बाबतीत आजी पुष्कळच उदारमतवादी होती. आणखी एक फरक कबूल केला पाहिजे. आजीला ‘असं का?’ विचारलं, तर ‘असंच असतं’ एवढंच उत्तर मिळे. इथे कुणीही विचारावं. मास स्पेक्ट्रोमीटर कुठल्या रेणूने किती विटाळ केला ते आकड्यांत सांगतो. अठरावर उंचवटा म्हणजे पाणी. अठ्ठावीस आणि बत्तीस दोन्ही चढलेले म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे कुठूनतरी बाहेरची हवा शिरते आहे, आणि आजची रात्र गेली.

चेंबर स्वतः शुद्ध करायचं तर ते भाजतात. पोलादाच्या भिंतीला चिकटलेलं पाणी पंपाला दाद देत नाही, म्हणून अख्ख्या चेंबरला तापपट्ट्या गुंडाळून, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लपेटून, सव्वाशे-दीडशे अंशांवर एक-दोन दिवस ठेवतात. कोट्यवधींचं उपकरण फॉइलमध्ये बांधलेलं पाहून बाहेरून आलेले पाहुणे हमखास विचारतात, ‘हे तात्पुरतं आहे का?’ तात्पुरतं काही नसतं. फॉइल फाटते आणि तिच्यावर दुसरी फॉइल चढते. काही जुन्या चेंबरांवर तर थरांवरून वय सांगता येईल.

आता प्रत्यक्ष प्रवास. भाजून-पंपून कमावलेलं मुख्य चेंबर दर नमुन्याला उघडता येत नाही, म्हणून त्याच्या अलीकडे एक लहान चेंबर असतं: लोड-लॉक. दोघांच्या मध्ये गेट व्हॉल्व्ह. लोड-लॉकमध्ये कोरडा नायट्रोजन भरायचा, झाकण उघडायचं, नमुना ठेवायचा, झाकण लावायचं, पंप सुरू करायचा. दाब उतरला की झाकण आपोआप घट्ट बसतं. दहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरची हवा ऐंशी किलोंच्या आसपास भार देऊन उभी असते. आतला टर्बो पंप मिनिटाला साठेक हजार फेरे घेत बारीक सुरात गातो. हा सूर बदलला, की झोपलेली माणसं जागी होतात. सूर तसाच असताना कितीही बोलावलं तरी होत नाहीत.

पुढचा तास दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघण्याचा. सुरुवात फार आशादायक असते. हजार मिलीबार, शंभर, दहा, एक. आकडे धडाधड कोसळतात आणि नवशिका म्हणतो, ‘अरे, दहा मिनिटांत काम होईल!’ जुनी मंडळी यावर काही बोलत नाहीत, डबा उघडतात. कारण मायनस सिक्सच्या आसपास पाणी मुक्कामाला बसतं. तिथून पुढे गेज दोन पॉइंट तीन दाखवतो, मग दोन पॉइंट दोन, मग पुन्हा दोन पॉइंट तीन. टक लावून पाहिल्याने दाब उतरत नाही, हे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट झालेल्यांना मान्य असतं. तरी उठून चहाला जायची हिंमत होत नाही. या तासात प्रयोगशाळेत देशाचं राजकारण, गाइडचे स्वभावदोष आणि छप्पन दुकान या खाऊगल्लीत अमुक वाजता गरम काय मिळतं, या तिन्ही विषयांवर सखोल चर्चा होते. शोधनिबंधाच्या विषयावर होत नाही.

शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘चला, उघडू या का?’ हा ‘का’ फार महत्त्वाचा. मर्जीनुसार गेट व्हॉल्व्ह उघडता येऊ नये म्हणून इंटरलॉक असतात. दाबांत फार फरक असला, तर यंत्र ऐकतच नाही. असे इंटरलॉक असायलाच हवेत. चेंबरच्या पलीकडे बीमलाइन, बीमलाइनच्या पलीकडे ते १७२.५ मीटरचं कडं, आणि तेही निर्वातच. इकडे कुणाच्या घाईने हवेचा लोंढा सुटला, तर तो कड्यापर्यंत जाऊ नये म्हणून वाटेत काही मिलिसेकंदांत बंद होणारी झडप असते. ती बंद होते, आणि मग कंट्रोल रूममधून फोन येतो. तो फोन घ्यायला कुणीच जवळ नसतं, हा प्रयोगशाळांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

व्हॉल्व्ह उघडला, की ट्रान्स्फर आर्म. ही एक लांब नळी. नळीच्या आत दांडा, बाहेर चुंबकाची जाड कडी. कडी सरकवली की आतला दांडा चुंबकाच्या ओढीने सरकतो, कडी फिरवली की फिरतो. हवेला शिरायला फट नको म्हणून ही योजना. योजना उत्तम आहे. फक्त दांडा आत कशाला टेकला, अडकला की आपटला, यातलं हाताला जवळपास काहीच कळत नाही. जे कळायचं ते काचेच्या खिडकीतून, टॉर्च मारून, मान वाकडी करून. खिडक्या दोन असतात आणि त्या नेमक्या काटकोनात. म्हणून माणसंही दोन लागतात. आर्म ढकलणाऱ्याला आत काय चाललंय ते पुरतं दिसत नाही आणि ज्याला दिसतं त्याच्या हातात आर्म नसतो.

‘थोडं डावीकडे घे.’

‘माझ्या डावीकडे की तुझ्या?’

‘चेंबरच्या.’

‘चेंबरला डावी बाजू कुठली असते रे?’

‘बरं, पंपाकडे घे. पंपाकडे! अरे, तो नव्हे, दुसरा पंप!’

आर्मच्या टोकाला होल्डर अडकवायची खाच असते: आधी ढकल, मग पाव फेरी, मग ओढ. घेताना एक क्रम, सोडताना उलटा. ज्या क्षणी होल्डर आत नमुना धरणाऱ्या मॅनिप्युलेटरच्या खोबणीत अर्धा बसलेला असतो आणि आर्मने त्याला अर्धं सोडलेलं असतं, त्या क्षणी खोलीत कुणी बोलत नाही. दारातून आत येणारा माणूस दारातच थांबतो. मोबाइल वाजला तर ज्याचा वाजला तो बंद करत नाही, कारण हलायचं कसं? मग खिडकीजवळचा हलकेच म्हणतो, ‘बसला. बहुतेक.’ त्या ‘बहुतेक’वर पुढच्या आठवड्याभराचं संशोधन उभं राहतं.

किंवा नाही राहत.

शाळेत काचेच्या हंडीत घंटी ठेवून निर्वातात आवाज जात नाही असं दाखवतात. नमुना पडल्याचा आवाज जातो. हवेतून नव्हे, होल्डर तळाशी आपटतो आणि आवाज पोलादातून बाहेर येतो. ‘टिण्’. लहान, स्वच्छ, निःसंशय. तीस सेंटिमीटर पडायला पाव सेकंद लागतो; निर्वात असल्यामुळे हवेचा अडथळाही नाही, म्हणजे पडण्याच्या बाबतीत चेंबर संपूर्ण आदर्श. खाली टर्बो पंपाच्या तोंडावर जाळी असते म्हणून निदान पाती वाचतात.

त्यानंतरची पाच मिनिटं समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी जरूर पाहावीत. प्रथम दोघंही एकमेकांकडे बघतात. मग आर्मवाला म्हणतो, ‘तू बसला म्हणालास.’ खिडकीवाला म्हणतो, ‘बहुतेक म्हणालो.’ थोड्या वेळाने दोघांचं एकमत होतं, की होल्डरच ढिला होता. होल्डर मागच्या गटाने वापरलेला असतो. मागचा गट आता परगावी असतो. अशा रीतीने प्रकरण सर्वांच्या संमतीने मिटतं आणि सरांना फोन जातो: ‘सर, नमुना… म्हणजे, होल्डर जरा ढिला होता.’ सरांची उमेदीची वर्षं याच चेंबरांपुढे गेलेली असतात. ते एवढंच विचारतात, ‘खाली पडला की अडकलाय?’

वॉबल स्टिकने तळातून नमुना उचलायचा प्रयत्न होतो. ही काठी कुठवर पोचते आणि नमुना कुठे जाऊन पडतो, यांत बोटभर अंतर कायमचं राखलेलं असतं. मग चेंबर उघडायचं, म्हणजे पुन्हा भाजायचं, म्हणजे दोन-तीन दिवस. बीमटाइम मात्र मोजून मिळतो. प्रस्ताव पाठवून, महिनोन्‌महिने वाट पाहून मिळालेले ठरावीक दिवस. त्यामुळे शहाणी माणसं नमुना तिथेच राहू देतात आणि दुसरा आत घेतात. वर्षाकाठी चेंबर उघडतं, तेव्हा तळाशी तीन-चार गटांची मेहनत आडवी पडलेली सापडते. कुठला स्फटिक कुणाचा, यावर तेव्हा कुणी हक्क सांगत नाही.

बरं, नमुना नीट आत पोचला म्हणजे सुटलो, असंही नाही. कित्येक स्फटिकांचा पृष्ठभाग बाहेरच्या हवेतच खराब झालेला असतो, म्हणून ते आत जाऊन फोडायचे असतात. त्यासाठी स्फटिक होल्डरवर चांदीच्या इपॉक्सीने चिकटवतात, त्याच्या डोक्यावर सिरॅमिकची बारीक कांडी चिकटवतात, आणि आत गेल्यावर वॉबल स्टिकने त्या कांडीला टोला हाणतात. स्फटिक थरांतून दुभंगला, तर आत ताजा, विश्वात कुणी न पाहिलेला पृष्ठभाग उघडा पडतो. हा आदर्श. प्रत्यक्षात कधी कांडी तेवढी तुटते आणि स्फटिक मख्खपणे जागेवर राहतो. कधी कांडी, स्फटिक, इपॉक्सी असं सगळं बिऱ्हाड एकदम उडतं. एवढा सूक्ष्म हिशेब करून, एवढी महाग यंत्रं लावून, शेवटी काम काय, तर काठीने टोला. विटीदांडू खेळलेल्या पिढीचा या क्षेत्रात काहीतरी उपयोग करून घ्यायला हवा होता.

ज्यांचं एवढ्याने समाधान होत नाही, त्यांच्यासाठी व्हॅक्यूम सूटकेस निघाली आहे. एका प्रयोगशाळेत वाढवलेला नमुना दुसऱ्या गावच्या बीमलाइनवर न्यायचा, पण वाटेत हवेचा वाराही लागू द्यायचा नाही. म्हणून एक हलवता येणारं छोटं चेंबर, त्याला आयन पंप, आणि पंपाला बॅटरी. मोटारीच्या मागच्या सीटवर ही पेटी ठेवून माणसं खरोखर गावं ओलांडतात. गाडी कितीला थांबवायची हे जेवणावर ठरत नाही, बॅटरीवर ठरतं. असा प्रवास आपल्याकडे झाला, तर टोलनाक्यावर काय होईल ते मला स्पष्ट दिसतं. ‘पेटीत काय आहे?’ ‘काही नाही.’ ‘मग उघडा.’ ‘उघडली तर काही राहणार नाही.’ दोन्ही वाक्यं शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहेत आणि दोन्ही वाक्यांनी माणूस चौकीत बसतो.

एवढा सगळा उपद्व्याप शोधनिबंधात कुठे येतो, हे एकदा मी मुद्दाम शोधलं. येतो. एका वाक्यात येतो: नमुना निर्वात न मोडता मुख्य कक्षात हलवण्यात आला. झालं. कुणी हलवला, किती वाजता हलवला, आधीचे दोन तळाशी कसे गेले, ‘चेंबरची डावी बाजू’ अखेर कुठली ठरली, याचा पत्ता नाही. कर्मणी प्रयोगाची खरी सोय इथे कळते; कर्ता गाळला की घामही गळतो. पुढची चार पानं आलेख आणि समीकरणं. माझं मत विचाराल तर त्या आलेखांतल्या प्रत्येक ठिपक्यात त्या एका वाक्याचा वाटा निम्मा आहे, आणि आभाराच्या परिच्छेदात अनुदान देणाऱ्या संस्थेच्या आधी, ज्याचा हात पहाटे चार वाजता थरथरला नाही त्याचं नाव यायला हवं.

यावर तरुण मंडळी सांगतात, की हे दिवस आता संपत आले. प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करणाऱ्या बीमलाइनींवर नमुने उचलून बसवायला कित्येक वर्षांपासून यंत्रमानव आहेत. तिथे नमुने द्रव नायट्रोजनमध्ये गारठवलेले असतात आणि यंत्रमानव रात्रभर एकामागून एक लावत राहतो, माणूस घरी बसून पडद्यावर पाहतो. निर्वात चेंबरांतही हळूहळू मोटारी आणि कॅमेरे येऊ लागले आहेत. हे चांगलंच झालं. मी फक्त एकच चौकशी केली, की तो यंत्रमानव कधी नमुना पाडतो का? तर पाडतो म्हणाले. अधूनमधून पाडतोच. पाडल्यावर पडद्यावर सरळ लिहितो, की नमुना पडला. होल्डर ढिला होता, असं म्हणायला तो अजून शिकलेला नाही. तेवढं शिकेपर्यंत माणसाच्या नोकरीला धोका नाही.